अठरा मुलं, तीन बॉल आणि एक नवा कोच

प्रश्न: मी दहा वर्षं क्लबकडून व्हॉलीबॉल खेळलो, बहुतेक काळ लिफ्टर म्हणून, म्हणजे स्मॅश मारणाऱ्यासाठी बॉल वर उचलून देणारा. गुडघ्याच्या दुखण्यामुळे गेल्या वर्षी स्पर्धा खेळणं थांबवलं. वय ३१. एका शाळेने कोच म्हणून विचारलंय. १२-१३ वर्षांची १८ मुलं-मुली आहेत, आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड-दीड तास सराव आणि चार महिन्यांनी स्पर्धा. मानधन नावापुरतं. शाळेकडे एक जाळी आणि तीन बॉल आहेत, आणि मी एकटाच असेन. खेळ येतो, पण शिकवलं कधीच नाही. आधी सर्टिफिकेट कोर्स करू की सरळ मैदानावर उतरू? पहिल्या दिवशी नेमकं काय घेऊ? आणि नोकरी सांभाळून हे करण्यात माझा फायदा काय? हा शेवटचा प्रश्न बायकोचा आहे, मला त्याचं उत्तर देता आलं नाही.
— माजी लिफ्टर

उत्तर:

हो म्हणा. पण हो म्हणताना त्याच दमात शाळेकडे दोन गोष्टी मागा: आणखी सहा बॉल आणि मैदानावर हजर राहणारा दुसरा एक मोठा माणूस. मानधनाची घासाघीस नंतर करता येईल, हे दोन मुद्दे मात्र पहिल्याच भेटीत लावून धरा.

आधी बॉलचं गणित. १८ जण एका रांगेत उभे आहेत. तुम्ही समोरून बॉल टाकता, पहिला अंडरहँड पास (दोन्ही हात जोडून खालून दिलेला) देतो आणि रांगेच्या शेपटाला जातो. एका फेकीला ६ सेकंद धरा. १० मिनिटांत १०० फेकी होतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला पाच-सहा पास. उरलेली साडेनऊ मिनिटं मूल उभं असतं, पुढच्याला ढकलतं, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतं. आता नऊ बॉल आणि नऊ जोड्या करा. एकाने टाकायचं, दुसऱ्याने पास द्यायचा, दहा झाले की अदलाबदल. वेग तोच ठेवला तरी १० मिनिटांत प्रत्येकाला ५० पास मिळतात. म्हणजे नऊपट. नव्या कोचने पहिल्या महिन्यात बाकी काही सुधारलं नाही आणि फक्त रांगा मोडल्या, तरी मुलं पुढे सरकतात.

बॉल येईपर्यंत तिघातिघांचे सहा गट करा. तीन गट बॉलवर, तीन गट बॉलशिवाय पायांचं काम आणि उडी मारून उतरणं, दर ४ मिनिटांनी बदली. झेलण्या-फेकण्याच्या खेळाला रबरी बॉलही चालतो.

बॉलमधली हवाही तपासा. नियमातला दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंमी एवढाच आहे. पंपाला काटा नसला की उत्साहाच्या भरात बॉलचा दगड होतो. मग मुलांच्या हातांवर लाल वळ उठतात आणि दुसऱ्या दिवसापासून बॉल आला की हात आपोआप आखडतात. कोच ओरडतो, "घाबरतोस काय!" चूक पंपाची असते.

दुसरा मोठा माणूस कशाला? एकाचा पाय मुरगळला आणि तुम्ही त्याच्यापाशी बसलात, तर उरलेल्या १७ जणांकडे कोण बघणार? त्याहून महत्त्वाचं कारण मुलांच्या सुरक्षिततेचं आहे. कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत किंवा गाडीत एकटं असू नये. निरोप पालकांच्या ग्रुपवरच टाकावेत, मुलांना खासगी मेसेज नाहीत. हात धरून काही दाखवायचं असेल तर आधी विचारावं आणि सगळ्यांसमोरच दाखवावं. फोटो पालकांच्या लेखी परवानगीनेच काढावेत. हे नियम पहिल्या दिवसापासून पाळले तर ते कोणाला खटकत नाहीत. मधूनच लागू केले की लोक भुवया उंचावतात.

सराव सुरू होण्याआधी पालकांकडून एका पानाचा फॉर्म भरून घ्या. त्यात दोन फोन नंबर, दमा, फिट, ॲलर्जी, मधुमेह, हृदयाचा काही त्रास, चालू औषधं आणि घ्यायला कोण येणार हे सगळं असावं. दम्याचा पंप कपड्यांच्या खोलीत कुलपात राहू देऊ नका, तो जाळीच्या खांबापाशी ठेवलेल्या तुमच्या पिशवीत हवा. फाटकाची किल्ली संध्याकाळी कोणाकडे असते आणि रुग्णवाहिका आत कुठून येईल, हे एकदा स्वतः चालून बघा.

आता तुमचा पहिला प्रश्न. क्रम असा ठेवा: आधी प्रथमोपचार, मग मैदान, मग कोर्स.

प्रथमोपचाराचा वर्ग एक-दोन दिवसांत होतो. पुतळ्यावर छाती दाबून शिकवतात तोच निवडा, नुसत्या व्हिडिओचा नको. छातीच्या मधोमध सुमारे ५ सेंमी खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबणं म्हणजे किती जोर लागतो, हे हाताला कळावं लागतं, वाचून ते येत नाही.

कोचिंगचे कोर्स बहुतेक खेळांत पायऱ्यांचे असतात. व्हॉलीबॉलची जागतिक संघटना एफआयव्हीबी लेव्हल १, २, ३ असे कोर्स घेते, तर फुटबॉलमध्ये डी, सी, बी, ए आणि प्रो अशी चढण आहे. शरीरशास्त्र, सत्राची आखणी, नियम आणि शिकवण्याचं प्रात्यक्षिक हा साधारण ऐवज. प्रात्यक्षिकाला समोर बरेचदा कोर्सला आलेले इतर कोचच खेळाडू म्हणून उभे असतात आणि ते सांगितलं की लगेच करतात. १२ वर्षांची मुलं तशी वागत नाहीत. म्हणून दोन-तीन महिने मुलांबरोबर काढून मग कोर्सला बसलात तर प्रश्न तयार असतील आणि पैसे वसूल होतील. फी भरण्याआधी विचारून घ्या: खेळाच्या अधिकृत संघटनेची मान्यता आहे का, प्रमाणपत्र किती वर्षं चालतं, नूतनीकरणाला काय लागतं, प्रत्यक्ष मैदानावरची परीक्षा आहे का. पुढच्या पायरीला कोचिंगच्या तासांचा पुरावा मागू शकतात, म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत तारीख, हजेरी, विषय आणि वेळ लिहीत जा. बालसुरक्षेचा कोर्स किंवा पार्श्वभूमी पडताळणी सक्तीची आहे का, हे मात्र शाळेला आधीच विचारा. ते नंतरवर टाकायचं काम नाही.

कोर्सच्या आधी करण्यासारखी एक फुकटची गोष्ट आहे. एखाद्या अनुभवी कोचच्या परवानगीने त्याचे दोन सराव कडेला बसून बघा, आणि हातात चार रकान्यांचा कागद असू द्या: सूचना दिली, कौतुक केलं, रागावला, गप्प राहून पाहिलं. दर वेळी एक रेघ ओढा. हा उद्योग मी मनाने काढलेला नाही. जॉन वूडन यांनी यूसीएलए विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला १९६४ ते १९७५ या १२ हंगामांत १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. त्यांच्या अखेरच्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन संशोधकांनी सरावाला बसून त्यांच्या बोलण्याची अशीच नोंद केली. निम्म्याहून जास्त बोलणं नुसत्या सूचनांचं निघालं, काय कर आणि कसं कर एवढंच. शाबासकी आणि ओरडा दोन्ही थोडेच होते. पुढे तुमच्या सरावात त्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हाती हाच कागद द्या. निकाल बघून थोडं लाजायला होईल, तेवढी तयारी ठेवा.

तुमची दहा वर्षं ही जमेची बाजू आहे आणि अडचणही. हात आणि पाय विचार न करता चालू लागले की ते कसे चालतात हे सांगता येईनासं होतं. गोल्फपटूंवरच्या एका अभ्यासात, जो २००१ साली प्रसिद्ध झाला, मुरलेल्या खेळाडूंना आपण नुकताच मारलेला फटका नवख्यांपेक्षा कमी तपशिलात आठवला. तुमचंही तसंच होणार. आज रात्री लिफ्ट कशी करता ते पाच ओळींत लिहून बघा. "बॉलखाली जायचं आणि उचलायचं" यापलीकडे गाडी गेली नाही, तर मोबाइलवर स्वतःला हळू गतीत चित्रित करा. पाय कधी थांबतात, कोणता पाय पुढे असतो, हात कपाळापर्यंत कधी येतात, बॉल सुटताना मनगटं कुठे असतात हे टिपून ठेवा. शिकवायचं ते यातूनच निघेल.

पहिला दिवस असा घ्या.

वॉर्मअप १२ मिनिटं. उभं राहून पाय ताणत बसण्यात वेळ घालवू नका, हालचालीतूनच अंग गरम करा: धावणं, बाजूला सरकणं, अचानक थांबणं, उडी मारून उतरणं. यातल्या उतरण्याकडे नीट बघा, कारण पुढे स्मॅश (उडी मारून जोरात फटका) आणि ब्लॉकला (जाळीपाशी उडी मारून तो अडवणं) हेच लागणार आहे. दोन्ही पाय एकदम टेकावेत, गुडघे वाकावेत आणि पायाच्या बोटांच्या रेषेत राहावेत. गुडघे आत झुकून एकमेकांकडे वळत असतील तर तिथेच थांबवा आणि उडीची उंची निम्मी करा. आवाज हीसुद्धा चांगली खूण आहे. "मांजरासारखं उतरा, मला ऐकू येता कामा नये" एवढं सांगितलं तरी अर्धी मुलं आपोआप गुडघे वाकवतात.

पुढची १८ मिनिटं जोड्यांमधला अंडरहँड पास, त्याबद्दल खाली सविस्तर. मग ५ मिनिटं पाणी. पाणी हे बक्षीस नाही आणि ते रोखणं ही शिक्षा नाही. कोणाला मध्येच प्यायचं असेल तर विचारायलाही लावू नका.

नंतरची २० मिनिटं लिफ्ट आणि सर्व्हिस. मुलांना ९ मीटरवरून सर्व्हिस करायला लावलीत तर खांद्यातून झटका देऊन बॉल फेकायची सवय लागेल. जाळीपासून ५ मीटरवरून अंडरहँड सर्व्हिसने सुरुवात करा. पाचात तीन पलीकडे गेल्या की एक पाऊल मागे.

शेवटची ३० मिनिटं खेळ. इथे जाळीचा मोह सोडा. मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असतं. एक लांब दोरी मैदानाच्या लांबीच्या दिशेने मधोमध बांधा, जमिनीपासून साधारण २ मीटर उंच. १८ मीटरचे तीन भाग पाडलेत की प्रत्येकी ६ मीटर रुंद अशी तीन छोटी मैदानं तयार होतात आणि दोरीच्या दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार मीटर जागा मिळते. तीन विरुद्ध तीन असे सहा-सहा जण एकेका मैदानावर, म्हणजे अठराही जण एकाच वेळी खेळतात. दोरी मधे झोळ खाते, तेव्हा मध्ये एक-दोन खांब द्या, आणि ती नीट दिसावी म्हणून कापडाच्या पट्ट्या लोंबत ठेवा. पुरुषांची २.४३ आणि महिलांची २.२४ मीटरची जाळी या वयाला काही कामाची नाही.

पहिले काही आठवडे नियमही सैल ठेवा. पलीकडून आलेला पहिला बॉल झेलायला परवानगी, झेलला की स्वतःच वर उडवून सहकाऱ्याला पास. असं केलं नाही तर सर्व्हिस, चूक, बॉल आणायला धाव, पुन्हा सर्व्हिस, चूक, असा सगळा खेळ बॉल आणण्याचाच होतो. बॉल सलग चार-पाच वेळा दोरी ओलांडू लागला की झेलण्याची सवलत काढून घ्या.

उरलेली ५ मिनिटं सगळे गोल बसतील. भाषण नको. "आज काय जमायला लागलं?" असं विचारा आणि तिघांना बोलू द्या.

आता पास जवळून बघू. एक मुलगी बॉलला हात लावायला जाते, कोपरं वाकतात, हात खांद्याच्या वर झोका घेतात आणि बॉल मागे उडतो. नवा कोच दहातल्या नऊ वेळा म्हणतो, "कोपर सरळ ठेव!" ती पुढच्या वेळी कोपर सरळ ठेवते आणि बॉल बाजूला जातो. मग कोच वैतागतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिच्या हातांकडे न बघता पायांकडे बघा. बॉल टाकणाऱ्याच्या हातातून सुटला तेव्हा ती सरळ गुडघ्यांनी उभी होती, उशिरा निघाली, बॉल तिच्यापासून हातभर लांब पडणार होता, म्हणून हातांनी पोहोचावं लागलं. कोपर वाकलं ते त्यामुळे. इलाज पायात आहे: बॉल सुटण्याआधी गुडघे वाकलेले, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, आणि बॉल येण्याआधी थांबलेले. तिला एवढंच सांगा: "बॉल यायच्या आधी तू तिथे पोहोच." पुढच्या पाच पासांत कोपर सरळ झालेलं दिसेल, त्याबद्दल चकार शब्द न काढता.

पाय वेळेवर पोहोचूनही बॉल मागेच जात असेल तेव्हा हातांकडे वळा. तेव्हाही अवयवाचं नाव घेण्यापेक्षा बॉलला जागा दाखवा. "खांदे उचलू नकोस" म्हणण्यापेक्षा "जोडीदाराच्या डोक्यावर एक हात उंच, तिथे बॉल पाठव" हे जास्त लागू पडतं. गॅब्रिएल वुल्फ आणि इतर अनेकांनी १९९८ पासून केलेल्या प्रयोगांत हेच पुन्हा पुन्हा दिसलं की लक्ष स्वतःच्या शरीराऐवजी हालचालीच्या परिणामावर असलं तर बरेचदा कामगिरी सुधारते आणि शिकलेलं टिकतंही.

एका वेळी एकच सूचना. ती दिल्यावर तोंड बंद, आणि किमान पाच प्रयत्न बघणं. प्रत्येक प्रयत्नानंतर बोलणारा कोच मुलाला आपल्यावर विसंबून राहायला शिकवतो. सरावात पास छान जातात आणि सामन्यात, जिथे तुमचा आवाज पोहोचत नाही, सगळं कोसळतं. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर "कुठे गेला बॉल? का गेला असेल?" असं विचारा आणि उत्तराची वाट बघा. तीन सेकंदांची शांतता नव्या कोचला असह्य वाटते. सोसा.

दुसऱ्या महिन्यापासून आणखी एक बदल करा. २० मिनिटं फक्त पास, २० मिनिटं फक्त लिफ्ट, अशी पाळी मोडा आणि दोन्ही एकत्र कालवा. एक बॉल खाली येईल, दुसरा वर, तिसरा डावीकडे, काय करायचं ते मुलाने ठरवायचं. सराव त्या दिवशी वाईट दिसेल, पालकांनाही आणि तुम्हालाही. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच दिसलं. मिसळून सराव करणारे सरावात मागे पडले, पण नंतर घेतलेल्या चाचणीत पुढे निघाले. अगदी नवख्यांना मात्र आधी थोडे दिवस एकच गोष्ट सलग करू द्यावी. हालचालीचा ढोबळ आकारच नसेल तर कालवायचं काय?

आता शरीराचं. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका, तुमचा स्वतःचा गुडघा आठवा.

मुलींची उंची साधारण १२ च्या आसपास आणि मुलांची १४ च्या आसपास सर्वाधिक वेगाने वाढते, पण एकाच वर्गात दोन-तीन वर्षांचा फरक सहज दिसतो. त्या काळात कालपर्यंत चपळ असलेलं मूल अचानक वेंधळं होतं. त्याला आळशी ठरवू नका. दर तीन महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहा. वेगाने वाढणाऱ्या मुलाने गुडघ्याच्या वाटीखालचा हाडाचा उंचवटा दुखतो असं सांगितलं, तर ते ऑसगुड-श्लॅटर असू शकतं. तिथे मांडीच्या स्नायूची शीर वाढत्या हाडाला ओढत असते. डॉक्टरांना दाखवा, उड्या कमी करा, आणि दुखणं असेपर्यंत पास व सर्व्हिस चालू ठेवून त्याला गटातच ठेवा. "थोडं सहन कर" हे वाक्य तुमच्या तोंडी येईल, कारण ते तुम्हीही ऐकलेलं असेल. ते गिळा.

डोक्याला मार लागून गोंधळ, डोकेदुखी, मळमळ, तोल जाणं यातलं काहीही दिसलं की त्या दिवशी खेळ बंद, मूल कितीही "मी ठीक आहे" म्हणालं तरी. पुन्हा खेळायला डॉक्टरांच्या परवानगीनेच आणि टप्प्याटप्प्याने. वारंवार उलट्या, वाढती गुंगी किंवा झटके आले तर थेट रुग्णालय. घोटा मुरगळला आणि चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे. उन्हात खेळताना कोणी बरळू लागलं किंवा कोसळलं, तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबून न राहता गार पाण्याने अंग थंड करायला लागा. उष्माघातात आधी थंड करणं, मग हलवणं.

संघ निवडण्याची वेळ येईल तेव्हा जन्मतारखा समोर ठेवा. रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कॅनडातल्या आइस हॉकीपटूंबद्दल दाखवून दिलं की वयोगटाच्या वर्षात आधी जन्मलेली मुलं निवडीत जास्त असतात. जानेवारीचं मूल आणि डिसेंबरचं मूल कागदावर एकाच वयाची, पण १२ व्या वर्षी ११ महिन्यांनी चार-सहा सेंमीचा फरक पडतो. तुम्ही निवडता ती उंची, आणि तिला नाव देता गुणवत्ता. या स्पर्धेत प्रत्येक मूल प्रत्येक सामन्यात किमान काही गुण खेळेल असं आधीच जाहीर करा. शाळेला ते मान्य नसेल तर वाद आत्ताच होऊ द्या, अंतिम सामन्याच्या दिवशी नको.

पालकांची एकच बैठक घ्या, २० मिनिटांची, सुरुवातीलाच. वेळा, घ्यायला येणारी माणसं, खेळायला मिळण्याचा नियम आणि सामन्यात बाहेरून सूचना न देणं, एवढंच बोला. तक्रार असेल तर सामन्यानंतर २४ तासांनी, मैदानावर नाही. बरेचसे राग तेवढ्यात विरतात.

आता बायकोच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर. आधी खर्च सांगा. दीड तासाच्या सत्राआधी ४५ मिनिटं आखणी, २० मिनिटं लवकर जाणं, शेवटचं मूल घरी जाईपर्यंत १५ मिनिटं, म्हणजे एका सत्राला १७० मिनिटं. आठवड्याला दोन धरलीत तर जवळजवळ पावणेसहा तास, शिवाय स्पर्धेचे शनिवार-रविवार. पैशांत याचा मोबदला सुरुवातीची काही वर्षं निघत नाही. हे लपवून सुरुवात केली तर तिसऱ्या महिन्यात घरात कुरबुर होते.

मिळतं ते वेगळ्या खात्यात जमा होतं. लिफ्टर म्हणून तुम्ही एका वेळी एक बॉल बघत होता. इथे एका वेळी नऊ बॉल आणि अठरा जोडी पाय बघायला लागता, आणि सहा महिन्यांत खेळ वाचायची नजर अशी होते की खेळताना ती का नव्हती याचं आश्चर्य वाटेल. चार शब्दांत सूचना द्यायची, मग गप्प बसून परिणाम बघायचा आणि चूक दिसली की तिच्या मागचं कारण शोधायचं, ही सवय ऑफिसातही उपयोगी पडते. नव्या माणसाला काम शिकवताना तर फारच. खेळ थांबल्यावर बऱ्याच खेळाडूंना संध्याकाळ रिकामी वाटते आणि अंग जड होतं. इथे गुडघ्यावर उड्यांचा भार न टाकता आठवड्यातून दोनदा मैदानावर चालणं-फिरणं होतं. आणि पुढे कोर्स केलात, तासांची वही भरत गेलात, तर क्लब, शिबिरं, निवड समिती, पंचगिरी असे रस्ते उघडतात. त्यात पैसेही आहेत, पण उशिरा.

आणखी एक गोष्ट, जी मोजून दाखवलेली आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या लिटल लीग बेसबॉलच्या काही कोचना काही तासांचं प्रशिक्षण दिलं होतं: प्रयत्नाचं कौतुक करा, चुकीनंतर धीर द्या आणि मग दुरुस्ती सांगा, शिक्षा नको. पुढच्या हंगामात त्यांच्याकडची फक्त ५ टक्के मुलं खेळ सोडून गेली. प्रशिक्षण न मिळालेल्या कोचकडची २६ टक्के गेली. तुमच्या १८ जणांत याचा हिशेब केला तर साधारण एक मूल आणि पाच मुलं एवढा फरक. मधली चार मुलं मैदानावर राहतील की नाही, हे तुमच्या दोन संध्याकाळींवर बरंचसं अवलंबून असेल. बायकोला हे सांगून बघा.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. आवाज जपा. मैदानभर ओरडण्यापेक्षा शिट्टीच्या खुणा ठरवा: एक लांब म्हणजे थांबा आणि बॉल पोटाशी धरा, दोन छोट्या म्हणजे माझ्याकडे या. बाकी बोलणं जवळ जाऊन. उंटावरून शेळ्या हाकता येतात, पास शिकवता येत नाही. आणि पहिला महिनाभर स्मॅश मारून दाखवू नका. गुडघा हे एक कारण. दुसरं असं की तो बघितल्यावर कोणालाच पास शिकायचा नसतो. प्रात्यक्षिक द्यायचंच असेल तर नुकतंच जमलेल्या मुलाकडून करून घ्या. त्याची हालचाल बाकीच्यांच्या आवाक्यातली असते.

पहिल्या सत्रावरून घरी आलात की झोपण्याआधी वहीत तीन ओळी लिहा: कोणाला सगळ्यात कमी बॉल मिळाले, कोणाचं नाव एकदाही घेतलं नाही, आणि कोणता खेळ रेंगाळला. पुढच्या सत्राची आखणी त्याच तीन ओळींपासून सुरू करा.

आणि सहा बॉल मिळाले की नाही ते कळवा. नाही म्हणाले तर वरचं पाच पास आणि पन्नास पासांचं गणित कागदावर मांडून शाळेला द्या.